दहाच्या वर उरलेले

मंगळवार संध्याकाळ, जुईनगर

जर्मनीत ड्रायव्हरकीला जायचं म्हणून भाषेचा क्लास लावलाय. आज मॅडम म्हणाल्या, "अकराच्या जर्मन शब्दाचा मूळ अर्थ दहा मोजून एक उरला, बाराचा दोन उरले. जुनी माणसं तशीच मोजायची."

मी मोठ्यानं बोललो, "म्हणजे अडाणीच की!" सगळे हसले.

"तुझ्या घरी नाही कुणी असं मोजत?" मॅडमनी विचारलं.

"छे!"

गावाकडं आई चुलीसाठी थापलेल्या शेणी तशाच मोजते. दहा झाल्या की एक खडा बाजूला, मग "वर दोन उरल्या." तो खडा डोळ्यापुढून हलत नाही. का म्हणालो मी छे? हो म्हटलं असतं तर काय गेलं असतं?

आत्ता तिचा फोन आला. "आज काय शिकवलं रं?"

"आकडे."

"मला बी शिकीव की. शेणी मोजताना म्हणंन."

ऐकू येत नाही म्हणालो आणि फोन ठेवला.