खिशात राहिलेला कागद

छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या सांडूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं खरोखरच ठेवावं लागेल अशी वेळ आली आहे, ते पुढे येईलच.) इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. म्हणजे दीपमालाचे गुडघे आहेत तसेच आहेत, माझी साखर वर-खाली होते आणि नळाला पाणी सहा-सात दिवसांनी येतं. एवढं सोडलं तर खुशाल. तुझे डोळे कसे आहेत? तुला हे अक्षर दिसायचं नाही, सत्यमच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. सत्यम, बेटा, मामाचं अक्षर कचेरीतलं आहे, जरा सवयीनं लागेल. कंसातलंही वाच, गाळू नकोस. मधेच राग आला तर आईला पाणी दे, स्वतः पी आणि पुढे वाच.

अक्का, तुला अजून कुणी सांगितलं नसेल तर मीच सांगतो. आप्पांचं घर विकायला काढलं आहे. कारण दीपमालाचे गुडघे. तिला जिना चढवत नाही आणि वाळवण घालायला गच्ची सोडवत नाही. मग पैठण रोडला एक लिफ्टवाली इमारत पाहिली. लिफ्टमध्ये आरसा होता. दीपमाला दोनदा वर गेली, दोनदा खाली आली आणि म्हणाली, "हेच घ्या." बाकी फ्लॅट तिनं नीट पाहिलासुद्धा नाही.

घर विकणं ही काय चीज आहे, ते मला सांगायला नको असं मी समजत होतो. एकतीस वर्षं मी कचेरीत फेरफाराच्या टेबलावर बसलो. कोणाचा बाप गेला, कोणाचं नाव लागलं, कोणाचं राहिलं, सगळं माझ्या हातून गेलं. येईल त्याला चष्म्यावरून बघत मी एकच सांगायचो: आधी बहिणींच्या सह्या आणा, मग या. लांबलांबच्या खेड्यांतून आलेल्या माणसांना मी आल्या पावली परत पाठवलं आहे. एकाची बहीण सुरतेला होती. मी म्हणालो, सुरतेला गाडी जाते. हे मी तेव्हा घरी येऊन मोठ्या फुशारकीनं सांगायचो, तुलाही सांगितलं असेल. आता तेच सांगायची लाज वाटते.

एजंट म्हणून मुनीबभाईंना गाठलं. क्रांती चौकात चपलांच्या दुकानाच्या माथ्यावर त्यांची खोली आहे. माणूस सरळ. त्यांनी पहिलाच सल्ला दिला की गिऱ्हाईक नेहमी पाण्याच्या दिवशी बोलवायचं. नळ वाहता दिसला की या शहरात माणूस अर्धं घर तिथंच घेऊन टाकतो. मला पटलं. पण पाण्याच्या दिवशी आपल्या घरात काय चाललेलं असतं ते मुनीबभाईंना कुठं ठाऊक? पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा दीपमाला पदर खोचून टाकीपाशी उभी, मी मोटारीला नळी जोडतोय, ओसरीत पिंप, कळशा, घमेली, कुकर, सगळं मांडलेलं. नळी निसटली. आलेल्या गृहस्थांनी ती झेलली, ती अर्धा तास त्यांच्याच हातात राहिली. त्यांच्या बायकोला दीपमालानं "तेवढी कळशी सरकवा ना" म्हणून कामाला लावलं. पाणी गेलं तेव्हा दोघं कमरेपर्यंत भिजलेले होते. चहा प्याले, "लई दमलो बुवा" म्हणाले आणि घर न बघताच निघून गेले. आपला सगळा साठा मात्र त्या दिवशी भरला, हे खोटं का बोलू?

दुसरा सल्ला होता की मालकानं तोंड उघडू नये. हे मला जमेना. शेरे लिहायची इतक्या वर्षांची खोड. कोणी भिंतीला हात लावला की मी सांगायचो, पावसाळ्यात इथं ओल येते. कोणी खिडकी उघडली की म्हणायचो, ही एकदा उघडली की लागत नाही. मोनिका नावाची बँकेतली एक बाई आली होती, तिला घर खरोखर आवडलं होतं. तिला मी शेजारच्यांचा कुत्रा, मागच्या गटारीचा वास आणि गच्चीवरची माकडं एवढं सगळं क्रमवार सांगितलं. ती म्हणाली, "काका, तुम्हाला विकायचंय ना नक्की?" मी होय म्हणालो, पण माझाच आवाज मला पडल्यासारखा वाटला.

मग कमरोद्दीन सर आले. रिटायर मास्तर, सोबत बेगम सगीरा. दोघं सावकाश फिरले. सगीराबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, इथं बसून तांदूळ निवडायला उजेड बरा आहे. अक्का, तिथंच तू बसायचीस. मी ओल सांगितली, खिडकी सांगितली, माकडंही सांगितली. सर म्हणाले, माकडं आमच्याकडेही आहेत. व्यवहार ठरला, इसार झाला. कागदावर लिहायच्या आधी सरांनी सहज विचारलं, "भाई-बहन कोई?" आणि मी, एकतीस वर्षं फेरफाराच्या टेबलावर बसलेला सांडू, बोलून गेलो, "वारस मी एकटाच."

असं का बोललो, त्याचा मी पंधरा दिवस विचार करतो आहे. खोटं बोलायचं म्हणून बोललो नाही, एवढं खरं मान. माझ्या डोक्यात ते तसंच होतं. आप्पा गेले तेव्हा बाराव्याला तुला साडी-चोळी केली, दाजींना टोपी-उपरणं केलं, तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि मी समजलो, मिटलं. आपल्याकडे असंच मिटवतात. दर भाऊबीजेला तुला एक पातळ पोचतं करत होतो. (गेल्या दोन वर्षांची राहिली, दाजींच्या वर्षश्राद्धालाही आलो नाही. गुडघ्यांची सबब सांगितली होती. गुडघे दीपमालाचे होते, मला यायला काय झालं होतं?) पण हे घर बांधताना भिंतींना पाणी कोणी मारलं? तू. हापशावरून घागरी भरून, शाळेच्या आधी. एकवीस दिवस, आणि शेवटी शाळाच सुटली. मी तेव्हा वाळूच्या ढिगावर घसरगुंडी खेळत होतो. एवढ्या एका कामावर मी एकटा वारस झालो.

आठवड्याभरानं मुनीबभाईंनी मिळकतीचा उतारा काढून आणला आणि माझ्यासमोर ठेवला. "अरे साब, इसमें तो बहन का नाम उप्परच है. तुम कायकू बोले अकेले हूँ करके?" उताऱ्यावर पहिलं नाव साळूबाई, खाली माझं. आईनं वारस नोंदीच्या वेळी स्वतःबरोबर आपली दोन्ही नावं दिली होती, थोरलीचं आधी; आई गेल्यावर तिचं तेवढं कमी झालं. जगाचे उतारे मी वाचले, आपल्या घराचा एकदाही वाचला नव्हता.

कमरोद्दीन सर शेजारीच बसले होते. त्यांनी टोपी सारखी केली आणि हळू आवाजात म्हणाले, "अल्लाह उन पर रहम करे. कब गुजरीं?" त्यांना वाटलं, तू गेलीस. मी एकटाच म्हणालो होतो ना, चांगल्या माणसानं त्याचा चांगला अर्थ लावला. मी म्हणालो, नाही, आहे. कुठे असतात? मी म्हणालो, फुलंब्रीला. सर माझ्याकडे वळले. म्हणाले, "फुलंब्री तो आधे-पौन घंटे का रास्ता है." त्यांनी टोमणा मारला नव्हता, अंतर सांगितलं होतं.

आता गेल्या रविवारचं. मी पेढे घेऊन तुझ्याकडे आलो. तुला वाटलं भावाला आठवण झाली. अक्का, माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात हक्कसोडपत्र होतं. बापाच्या घरातला माझा हिस्सा मी भावासाठी राजीखुशीनं सोडला, असं बहिणीनं लिहून द्यायचा तो कागद. वळणदार अक्षरात मीच लिहिलेला. "राजीखुशीनं" हा शब्द मी कचेरीत हजार वेळा लिहिला असेल, कधी हात अडखळला नाही. तू दारातूनच ओरडलीस, "सायली, बघ गं, माझा भाऊ आला!" सूनबाईला कळलं, सगळ्या आळीला कळलं. येसराची आमटी केलीस, भाकरी थापल्यास, दिसत नसताना तव्यावरची चाचपून उलटत होतीस. कशाला आलास म्हणून एका शब्दानं विचारलं नाहीस. तू विचारलं असतंस तर मी कागद काढला असता. तू विचारलं नाहीस, म्हणून घास गिळत राहिलो.

आणि निघताना तू म्हणालीस, "सांडू, मोतीबिंदूचं करून घ्या म्हणत्यात तिकडं मोठ्या दवाखान्यात. आठ दिस तुझ्या घरी राह्यलं तर चालंल का रं? दीपमालाला इचार आधी. तिला तरास नाय झाला पायजे."

तुझ्या घरी. उताऱ्यावर पहिलं नाव असलेली बाई, दुसऱ्या नावाच्या माणसाला विचारते, चालेल का. आणि दुसऱ्या नावाचा माणूस काय म्हणाला? "बघू." मी "बघू" म्हणालो, अक्का. कागद खिशात होता, ऑपरेशन होईस्तोवर घर राहील की नाही याचा हिशेब डोक्यात होता. तू म्हणालीस, "बरं, बघ." आणि मला दुधाची पिशवी दिलीस घरी न्यायला. बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन मी बसलो होतो आणि शेजारच्या माणसाला उगीचच सांगितलं, बहिणीनं दिलंय.

असो. तुझ्या सत्यमनंही कधीतरी घर घेतलं-विकलं तर मामाचा सल्ला लक्षात ठेवावा: रंग, पाणी, एजंट हे सगळं नंतर. आधी उतारा काढावा, त्यावरची नावं मोठ्यानं वाचावीत आणि त्यातलं कोण कधी शेवटचं जेवायला आलं होतं ते आठवावं. हा सल्ला कचेरीत कोणी लिहून देत नाही.

सर्वांना नमस्कार-आशीर्वाद. चुकलं-माकलं पदरात घे.

तुझा,
सांडू

ता. क. – मुख्य काम लिहायचं राहिलं. हक्कसोडपत्राची नोंदणी लागते, नुसती सही चालत नाही. तेव्हा येत्या गुरुवारी सकाळी अकराला नोंदणी कार्यालयात यावं. आधार कार्ड आणि दोन फोटो आणावेत. सत्यमनं सोबत यावं, साक्षीदार लागतो. अंगठ्याचा ठसा घेतात, त्याला घाबरू नये. वर एवढं सगळं लिहिलं तरी घर विकायचं ठरलेलं आहे आणि सर थांबलेले आहेत.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवायच्या आधी दीपमालानं पत्र वाचलं. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "चार पानं रडलात आणि पाचव्यावर ठसा मागितलात. 'बघू'चं उत्तर कुठाय यात?" नव्हतंच. तेव्हा ते असं: गुरुवारचं रद्द. तू शनिवारी ये, नोंदणी कार्यालयात नाही, घरी ये. दवाखान्याची तारीख मी घेतो. खालची खोली दीपमालानं आत्ताच मोकळी करायला घेतली आहे, गुडघ्यांचं नावसुद्धा काढत नाही. आठ दिवस नाही, दोन्ही डोळे होईपर्यंत राहायचं. कमरोद्दीन सरांना मी आत्ताच फोन करून खरं सांगितलं, की बहिणीला अजून विचारलेलंच नाही. ते म्हणाले, तुमची बहीण घर डोळ्यांनी बघेल, मग काय ते ठरवेल, आम्ही थांबतो.

ता. क. तिसरा – पट्टी निघाली की उतारा तुझ्या हातात देतो, तूच वाच. विक म्हणालीस तर अर्धं तुझं. नको म्हणालीस तर सरांचा इसार परत, आणि दीपमाला लिफ्टमधल्यासारखा आरसा इथल्याच भिंतीला लावून घेईल. भांडायचं असेल तर भांड, पण इथं येऊन भांड. खरं तर एवढं लांब लिहिण्यापेक्षा फोन करता आला असता. मुद्दाम केला नाही. फोनवर मी काहीही मागितलं असतं तरी तू लगेच "बरं" म्हणाली असतीस, आणि मी तेवढं ऐकून फोन ठेवला असता.