ती दाढ माणसाचीच आहे

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. पण पुढेमागे माझं चरित्र लिहिणाऱ्याची पंचाईत नको.
यंदाच्या उत्खननाला सर आमच्या जीवाश्मांच्या लॅबमधून एकालाच नेणार. मी किंवा दुसरा मदतनीस. तो सतत च्युइंगम चघळतो, म्हणून मी त्याला मनातल्या मनात रवंथ म्हणते. चिमटा कानावर अडकवून फिरतो. म्हणजे माझी निवड झाल्यात जमा आहे.
संकल्प: सरांच्या चुका दाखवायच्या नाहीत. निदान चारचौघांत.

४ फेब्रुवारी, मंगळवार
काम तेच. गेल्या सीझनला खणून आणलेली माती धुऊन, वाळवून ट्रेमध्ये पसरायची आणि मायक्रोस्कोपखाली दात नि हाडं वेचायची. मग माशांचं खोकं, उंदरांचं खोकं, डुकरांचं खोकं. माणसाचं खोकं अजून रिकामं. माती वीस लाख वर्षांपूर्वीची आणि तिच्यात माणसाचा पूर्वज सापडावा म्हणून तर हा सगळा खटाटोप.
हाड की दगड हे कळेना तर जीभ लावून बघतात. हाड चिकटतं. रवंथ सरळ चाटतो. मी आधी दात घासून येते. पूर्वजांशी एवढं तरी अदबीनं वागावं. तो म्हणाला, तू इतका वेळ घासत बसलीस तर ते पुन्हा नामशेष होतील. दुर्लक्ष केलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार, दुपार
सापडली. अर्धी दाढ. माणसाची. अक्षर वाकडं आलंय, पण ते पेनामुळे.
शंकेला जागाच नाही. दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही, आईबाबांनी घरीच शिकवलं. आई दातांची डॉक्टर. बेरीज-वजाबाकी मी तिच्या दवाखान्यात उपटलेल्या दाढांवर शिकले. इतर मुली बाहुल्यांशी खेळायच्या, मी कवळ्यांशी.
सरांना लगेच सांगणार नाही. आधी पूर्ण खात्री करायची. खात्री आहेच, पण पूर्ण.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सांगितलं. सर भिंगातून बघत म्हणाले, डुकराची असावी. मी नम्रपणे म्हटलं, नसावी. ते म्हणाले, डुक्कर आणि माणूस दोघंही मिळेल ते खातात, त्यामुळे दाढा भावंडांसारख्या दिसतात. त्यातून तुटकी असली की भलेभले फसतात. भलेभले म्हणजे कोण, असं विचारलं. म्हणाले, मी.
एकदा फसलेला माणूस घाबरट होतो. मी अजून एकदाही फसलेली नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
जेवताना आईला फोटो दाखवला. ती म्हणाली, असा पेशंट आला तर खुर्चीत बसवण्याआधी मी शेपटी बघेन. बाबा म्हणाले, अगं, पोरीला जेवू दे आधी. मी म्हटलं, आई, तुझे पेशंट आजचे, वीस लाख वर्षांपूर्वीचं तुला काय कळणार? ती म्हणाली, मग माझ्याकडे शिकलीस ते कशाच्या जोरावर मिरवतेस?
याला उत्तर आहे. सुचलं की लिहीन.

११ फेब्रुवारी, मंगळवार
मीटिंगमध्ये उभी राहिले. दाढ माणसाच्या खोक्यात गेली पाहिजे असं सर्वांसमोर सांगितलं. आवाज थोडा चिरकला, पण मुद्दे पोचले. सर म्हणाले, बरं बाई, खाटकाकडून डुकराचा जबडा आणू आणि शेजारी ठेवून बघू. खुशाल आणा म्हटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
जबडा आला. रवंथने उकळून साफ केला. सरांनी माझी दाढ त्यातल्या दाढेला लावून धरली. तेच उंचवटे, त्याच खाचा. मी विचारलं, आजकालच्या डुकराची साक्ष इतक्या जुन्या प्रकरणात कशी चालेल? सर म्हणाले, तुला माणसाचे दात पाठ आहेत, म्हणून तुला जिकडेतिकडे माणूस दिसतो. आधी डुक्कर शीक. उत्खननाला कोण येणार ते पुढच्या शुक्रवारी सांगतो.
मी माघार घेतलेली नाही. दाढ डुकराची आहे हे मान्य केलं, एवढंच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
संकल्प: डुक्कर शिकायचं. असं की सरांनी मला विचारायला यावं.
जबडा घरी आणला. आई म्हणाली, हा माझ्या फ्रिजमध्ये जाणार नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार
डुक्कर पूर्ण झालं. आता नुसत्या नजरेनं कळतं, भिंगसुद्धा लागत नाही. आज ट्रेमागून ट्रे संपवले. रवंथ अजून पहिल्याच ट्रेवर. एक दाढ जरा बुटकी, गोलसर निघाली. पूर्वीची मी असते तर भाळले असते. डुकरांच्या खोक्यात टाकली आणि पुढे गेले. माणूस असा घडतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी रवंथ डुकरांची खोकी कपाटात लावत होता. एक उघडून बघत बसला. च्युइंगम चघळायचा थांबला, तेव्हाच मला बरं वाटेना. सरांना हाक मारली. सरांनी दिवा जवळ ओढला, मग खुर्ची ओढली. दाढ सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली. शेवटी म्हणाले, माणूस आहे हा.
बुटकी होती. गोलसर होती.
मी लगेच स्पष्ट केलं की ती वेचली मी. सर म्हणाले, वेचलीसही तूच आणि टाकलीसही तूच. रागावले असते तर मला बोलता आलं असतं. ते खुशीत होते. उत्खननाला रवंथ जातोय. तो म्हणाला, वाईट वाटून घेऊ नकोस, खोकं तू भरलेलं होतं म्हणूनच उघडलं.
मला दुसरं काम दिलंय. डुकरांची सगळी खोकी पहिल्यापासून पुन्हा तपासायची. सर म्हणाले, आणखी कोणाकोणाला डुक्कर ठरवून बसली आहेस देव जाणे. ते उत्खननाला गेल्यावर लॅबची किल्ली माझ्याकडे. म्हणजे लॅब मीच चालवणार, तसं पाहिलं तर.

दुपार
पहिलं खोकं उघडलं. पहिली दाढ चिमट्यात धरून बसले आहे. जेवणाची सुट्टी संपली.
डुकराची असेल. माणसाचीही असेल.