माणूस गेला, हे विषयाला सोडून कसं?

भाऊजी, आशीर्वाद मागाहून घ्या, आधी मला हे सांगा की ग्रुपवरचा माझा मजकूर तिसऱ्यांदा पुसायचं कारण काय होतं. पहिल्यांदा पुसलात, म्हटलं चुकून झालं असेल. दुसऱ्यांदा पुसलात, म्हटलं माझंच काही चुकलं असेल, चौथीपर्यंत शिकलेली बाई. तिसऱ्यांदा पुसलात आणि वर मला सात दिवस बोलायची बंदी घातलीत, सख्ख्या वहिनीला. फोन तर उचलतच नाही. म्हणून हा कागद. कागद बोटानं पुसता येत नाही, फाडावा लागतो, आणि फाडताना आवाज होतो.

जाऊबाईंची कंबर कशी आहे? तुमची साखर? गोड खाणं सोडलंय असं तुम्ही सांगता, जाऊबाई वेगळं सांगतात, तो तुमचा घरचा मामला. आम्ही इथं बरे आहोत. आम्ही म्हणजे मी आणि दोन शिलाई मशिनं. हे जाऊन आठ महिने झाले, ते तुम्हाला सांगायला नको, तेव्हा तुम्हीच पुढे होऊन सगळं केलंत. पण तुमच्या त्या मशीन दुरुस्तीच्या ग्रुपवर कुणाला पत्ताच नाही. तिथं हे नऊ वर्षं तेलबाबा म्हणून नावाजलेले (कुणी काहीही विचारो, ह्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं, तेल घाला आणि सकाळपर्यंत थांबा). लोक अजून ह्यांच्या फोनवर विचारतात, तेलबाबा टाके सुटतायत, तेलबाबा दोरा तुटतोय, तेलबाबा रुसलात का. शेवटी त्याच फोनवरून मी लिहिलं की तेलबाबा वारले, आता विचारू नका. पाच मिनिटांत गायब. खाली तुमची पाटी, नियम तीन, विषयाला सोडून लिहू नये.

बरं. मग मी शोधून शोधून ते 'इकडचं तिकडचं' नावाचं दालन काढलं, जिथं विषयाला सोडून बोलायची मुभा आहे. तिथं लिहिलं, तेही पुसलंत. तिथली पाटी अशी की हे दालन बंद होत आहे, महिनाअखेरीला सगळा जुना मजकूर काढून टाकला जाईल, नवीन कुणी लिहू नये. आता तुमचा मुद्दा मला कळत नाही असं समजू नका. ज्याचं मशीन अडलंय आणि दारात गिऱ्हाईक हाताची घडी घालून उभं आहे, त्यानं कुणाचं मांजर हरवलं आणि कुणाची सासू रुसली हे का वाचत बसावं? कामाच्या वेळी बडबड मीसुद्धा खपवून घेत नाही. ह्यांनाच विचारा. (म्हणजे विचारता आलं असतं तर.)

म्हणून तिसऱ्यांदा मी अगदी नियमानं गेले. बिघाड सांगायचा तुमचा तो तक्ता आहे, तो भरला. मशीन कोणतं, तर नवरा. किती जुनं, अठ्ठावन्न वर्षं, माझ्याकडे एकतीस. बिघाड काय, बंद पडलं. कधीपासून, आठ महिने. काय काय करून पाहिलं, दोन दवाखाने, एक ऑपरेशन, शेवटी हाका मारल्या. ह्यात विषयाला सोडून काय होतं ते दाखवा. एका शहाण्यानं लिहिलं, मोटरचा फोटो टाका. दुसरा म्हणाला, इतकं जुनं असेल तर भंगारात द्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं हे कुणाच्या नावानं आलंय ते, आणि त्यानं विचारलं, तेलबाबा गेले? त्यानंतर तासाभरात चाळीस जणांनी लिहिलं, भाऊजी. एकीनं लिहिलं की ह्यांनी तीन दिवस नुसता फोनवर आवाज ऐकून तिचं मशीन चालू करून दिलं, तोंड कधी बघितलं नाही. इतक्यात पँटची चेन बसवायला गिऱ्हाईक आलं, म्हणून माझे सहाच वाचून झाले. परत येऊन बघते तर चाळीसच्या चाळीस साफ. राहिलेले चौतीस जण काय म्हणत होते? पुसायच्या आधी तुम्ही तरी वाचलंत का?

बंदीत लिहिता येत नाही, पण वाचता येतं. म्हणून त्या 'इकडचं तिकडचं'मधलं ह्यांचं जुनं उघडून बसले, तर तिथं मला सगळे ओळखतात. हेडऑफिस म्हणून. हेडऑफिसचा हुकूम आला, उठतो. हेडऑफिस आज तापलंय, दुकानातच बसतो. आणि बाकीचे गडी विचारणार, हेडऑफिसचा गुडघा काय म्हणतो. घरात ह्या माणसाच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघायचे, त्यातला एक चहा. आणि तिथं पानंच्या पानं. एके ठिकाणी लिहिलंय, हेडऑफिसनं आज कोटाची फाटकी बाही अशी रफू केली की मी भिंग घेऊन जागा शोधली, सापडली नाही, पण तिला बोललो नाही, उद्या डोक्यावर बसेल. मला तो कोट आठवतो. उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, बटण ढिलं आहे. मी तो कोट रागानं टेबलावर आपटला होता. एकतीस वर्षांत एकदा तोंडावर सांगितलं असतं तर जीभ झिजली असती का? आता ह्याचं भांडण कुणाशी काढू? तुम्ही जवळचे, म्हणून तुमच्याशी काढलं.

असो. मुलांना आशीर्वाद. तुम्हालाही, वर राहिले होते.

तुमची वहिनी

ता. क. वर गिऱ्हाईक आल्याचं लिहिलंय ते खोटं आहे. कुणी आलं नव्हतं. माझे तासात सहाच होतात. अक्षर अक्षर लावत वाचते, जोडाक्षर आलं की अडते. हे जाऊबाईंना सांगू नका.

आणखी एक. ह्यांचं बोलणं नऊ वर्षांचं आहे आणि मी अजून पहिल्याच महिन्यात आहे. तिथं ह्यांची दाढ दुखतेय आणि डॉक्टरकडे जायला टाळाटाळ चाललीय. महिनाअखेरीपर्यंत माझं होणार नाही, दोन वर्षं तरी लागतील. माझा मजकूर परत चढवू नका, बंदी उठवू नका, ते चौतीस गेले तर गेले. फक्त ते दालन माझं वाचून होईपर्यंत काढू नका. छापूनही पाठवू नका. गठ्ठा हातात आला की मी शेवटचं पान आधी बघेन.

शेवटचं. जाऊबाई म्हणाल्या, दादांचं नाव दिसलं की तुम्ही फोन पालथा घालता. म्हणजे नियम नावाला आहे, तुमच्यानं बघवत नाही हे खरं. नसेल बघवत तर दार लावून घ्या, घर पाडू नका. पंचवीस तारखेपर्यंत मला उत्तर पाहिजे. हो असेल तर एका अक्षराचं काम आहे. नाही असेल तर इथं या, ह्यांच्या मशीनसमोर उभे राहा आणि तोंडानं सांगा.