अव्वांच्या मुठीतला दोरा

३१ डिसेंबर, मंगळवार

कंबर गेली! काल वेळ अमावास्येच्या पूजेला-जेवणाला शेतात दोन तास मांडी घालून बसले. आज सकाळी अव्वांना, म्हणजे सासूबाईंना, पलंगावरून खुर्चीत घेताना कळ आली ती थेट डोक्यापर्यंत. डॉक्टर म्हणाले, एकतर उचलणं सोडा, नाहीतर पाठ मजबूत करा. सासू कशी सोडायची ते काही त्यांनी सांगितलं नाही.

धाकटे दीर प्रशांतकुमार सणाला कलबुर्गीहून आले आहेत. म्हणाले, संक्रांत झाली की अव्वाला मी नेतो, बघायला बाई ठेवू. मी नको म्हटलं. अव्वा भिंतीकडं तोंड करून पडून होत्या. त्यांना इथलं अंगण लागतं, ते मला माहीत आहे.

पाठ मजबूत करायची. दुसरा उपाय नाही.

२ जानेवारी

शैलश्रीच्या योगवर्गाला नाव घातलं. आमच्या लिंगायत समाजाच्या कार्यालयात, सकाळी सहा ते सात. तेवढा वेळ अव्वांजवळ हे बसतात, पेपर घेऊन. बसतात म्हणजे नुसते बसतात. आईला उचलणं बायकांचं काम — हे यांचं कधीचंच ठरलेलं.

आज वृक्षासन. बिदरला कॉन्व्हेंटात एका पायावर उभं राहणं ही शिक्षा होती! व्हरांड्यात पाय टेकला की सिस्टरला बरोबर दिसायचं. इथं शैलश्री म्हणते, "काकू, टेकला तर टेकू द्या. परत उचला." पोरगी माझ्या लेकीपेक्षा लहान. पण हे मला साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

४ जानेवारी

कळ कमी.

७ जानेवारी

भुजंगासन. पालथं पडून छाती उचलायची. गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी फार रुतते. शाळेत एकदा सिस्टरनं विचारलं होतं, डबीत काय आहे? मी म्हटलं, देव. त्या म्हणाल्या, मग कॉलरच्या आत ठेव, थंडी वाजेल त्याला. कॉलरचं बटण त्यांनीच लावलं.

उचलताना अव्वा माझा खांदा धरत नाहीत, मान धरत नाहीत. लिंगाचा दोरा धरतात. अंथरुणाला लागल्यापासूनची, सहा वर्षांची सवय.

९ जानेवारी, गुरुवार

आज मी लिंग विसरले! लिहितानाही हात थांबतो. रुतू नये म्हणून काढलं, रुमालात गुंडाळून खिडकीत ठेवलं, आणि तशीच घरी आले. अव्वांना उचलायला वाकले. त्यांचा हात गळ्याशी आला — दोराच नाही. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं.

कार्यालयाला कुलूप. किल्ली शैलश्रीकडं, आणि ती संध्याकाळपर्यंत बिदरला. लिंग अंगावर नाही तोवर अन्न नाही, पाणी नाही. आमच्यात हे सांगावं लागत नाही. मी चहासुद्धा घेतला नाही. अव्वांना पेज भरवायला गेले तर त्यांनीही तोंड मिटून घेतलं. दिवसभर! शहाऐंशी वर्षांचं माणूस.

सहाला लिंग मिळालं. पूजा केली, गळ्यात घातलं. मग दोघींनी पेज खाल्ली, एकाच वाटीतून.

१० जानेवारी

वाटलं होतं, अव्वा वर्ग बंद कर म्हणतील. सकाळी विचारलं, "कामून काढलंस?"

"पालथं पडलं की रुतायलं, अव्वा."

"आन् ते पालथं पडायचं कशासाठी?"

"पाठीसाठी."

"पाठ कुणापायी गेली?"

त्यांनी यांना हाक मारली. "प्रशांतला फोन लाव. संक्रांत झाली की जाते मी."

ज्यांना ठेवून घ्यायचं म्हणून पाठीच्या मागे लागले, त्याच निघाल्या. यांनी फोन लावलासुद्धा!

१३ जानेवारी

अव्वांची पातळं घडी करून पिशवीत भरली. विभूतीची डबी वर ठेवली, लगेच सापडावी म्हणून. वर्गात पाय सारखा टेकत होता.

कुठंतरी हलकंही वाटतंय. आता रात्रीची सलग झोप मिळेल. इथं खोटं कशाला लिहू?

१५ जानेवारी, बुधवार

गाडी दारात. शेवटचं उचलायचं म्हणून वाकले. अव्वांनी दोरा धरला. खुर्चीत बसवलं तरी मूठ सुटेना. मी वाकलेलीच. प्रशांतकुमार म्हणाले, "अव्वा, सोड की." सोडला नाही.

मी यांना म्हटलं, "पिशवी आत न्या. आणि उद्यापासून सकाळचं उचलणं तुमचं."

अव्वाच बोलल्या. "ह्याचा दोरा आखूड हाय. ह्याची मान धरते."