ओट्यावरचा दिवा

काळेवाडी,
४ ऑगस्ट २०२५

ती. छबूआत्यास,
ज्योतीरामचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज वाचायला शेजारच्या स्वरूपावहिनींचा मोबाइल मागावा लागतो, म्हणून तू चिडतेस. तेव्हा पत्रच बरं. अक्षर लागलं नाही तर मला बोलू नकोस, ज्यांनी मला नववीतून शाळा सोडू दिली त्यांना बोल. त्यात तूही होतीस.

तुझा भात करपून घरभर धूर झाला आणि ज्ञानदेवकाका गॅसच बंद करायला निघाले, हे मला वहिनींकडून कळलं. तू एका शब्दानं कळवलं नाहीस. मास्तर लोकांचे डबे बंद कर आणि आमच्याकडे जेव, असं काका म्हणाले म्हणे. आई गेल्यावर मला तुझ्या शेगडीनं वाढवलं. तू कुणाच्या घरी हात बांधून ताटाची वाट बघत बसलीयस, हे चित्र काही माझ्या डोळ्यांपुढे येत नाही.

म्हणून एसटीबरोबर एक डबी पाठवली आहे. ती कुकरजवळच्या फळीवर ठेव. तिला कान आहेत. तीन शिट्ट्या झाल्या की खिडकीत लाल दिवा लागेल, तो अंगणातूनही दिसेल. वायर जोडायची ती वहिनी जोडतील.

चाकणला दिवसभर पार्ट पॅक करतो आणि सुटल्यावर प्रोग्राम लिहायला शिकतो, हे तुला माहीत आहेच. गल्लीतल्या सलूनवाल्याला नंबर लावायचं ॲप मीच करून दिलं. या डबीचा प्रोग्राम मात्र मी लिहिला नाही. एआयला सांगितलं, माझ्या आत्याला ऐकू येत नाही, शिट्ट्या मोजून दिवा लाव. चहा निवायच्या आत त्यानं लिहून दिलं. माझ्या कुकरवर लावून बघितलं, एकदम ओके. माझा खोलीतला जोडीदार शेखर हिंजवडीला कोडिंगचंच काम करतो. तो म्हणाला, भावा, आता लिहायला शिकू नकोस, सांगायला शिक.

काकांना म्हणावं, जरा दम धरा. तुझा लोभ आहेच, तो तेवढा करपू देऊ नकोस.

तुझा
ज्योतीराम


हिवरे, ता. भूम,
१९ ऑगस्ट २०२५

चि. ज्योतीरामास,
छबूआत्याचे अ. उ. आ.

डबी पोचली. दिवा लागला की घरात कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं. बरेच दिवसांत मला कुणी हाक मारली नव्हती. मारत असतील, माझ्यापर्यंत पोचत नाही.

पण लेकरा, भात कच्चा निघतोय. दिवा लागला की मी आपला गॅस बंद करते. मास्तरांनी आधी मुकाट्यानं खाल्लं. मग मोठे मास्तर स्वतःच डबा घेऊन आले आणि एक शीत बोटानं दाबून दाखवलं. ते दाताखाली फोडायच्या लायकीचं होतं. स्वरूपानं उलगडा केला. आमची भिंत एकच. तिच्या कुकरच्या दोन आणि माझ्या कुकरची एक, अशा तीन धरून तुझी डबी मोकळी होते. दादांना, म्हणजे तुझ्या काकांना, अजून यातलं काही माहीत नाही. मास्तर सांगायचे नाहीत, त्यांना मी धपाटे घालून गप्प केलंय.

एआय म्हणजे काय, ते स्वरूपानं समजावलं. मसाला मीही हल्ली डंकावरून कुटून आणते, त्यात मला कमीपणा वाटत नाही. पण त्यात काय पडलं आणि किती पडलं, ते मला तोंडपाठ असतं. भाजी बिघडली तर मी डंकवाल्याकडे बोट दाखवत नाही. तुझ्या डबीत काय काय पडलंय, ते तुला माहीत आहे का? रागानं नाही, सहज विचारते.

वेळेवर जेवतोस ना? वडापावला जेवण म्हणत नाहीत.

तुझी
आत्या


काळेवाडी,
३० ऑगस्ट २०२५

ती. आत्यास सा. न.

मास्तरांची माफी माग. मी एआयला सांगितलं, शेजारच्या शिट्ट्या धरू नकोस, जोराच्या तेवढ्याच मोज. त्यानं सगळा प्रोग्राम नव्यानं लिहून दिला, आणि मी वहिनींच्या वायफायवरून इथे बसल्या बसल्या तुझ्या डबीत घातला. आता भात मऊ होईल.

डबीत काय पडलंय, विचारलंस. खरं सांगू का, सगळं वाचलेलं नाही. वाचायला घेतलं तर जांभया यायला लागल्या. पण चालल्याशी मतलब. मला आता लाइनवर उभं राहायचा कंटाळा आलाय आत्या, कंपनी सोडून हेच करावं म्हणतो. एकेक वाचत बसलो तर कधी होणार? बूड एका जागी टेकत नाही, असं तू म्हणशील. म्हण.

जेवणाचं म्हणशील तर रोज कुकर लावतो. काळजी सोड, माया सोडू नकोस.

तुझा
ज्योतीराम


हिवरे,
१२ सप्टेंबर २०२५

चि. ज्योतीरामास आशीर्वाद.

आधी हे वाच, की मला काही झालेलं नाही.

मंगळवारी वरण लावून मी अंगणात भांडी घासत होते. खिडकीकडे लक्ष होतं. दिवा लागला नाही म्हणून निवांत बसले. नाकाला वास आला तेव्हा आत धावले. कुकरचा तळ काळा ठिक्कर पडला होता, फळीवरचं फडकं तांबूस झालं होतं. धूर बघून दादा आले. ओरडले असतील, ते तोंडावरून कळलं. मग त्यांनी रेग्युलेटर काढला, रुमालात गुंडाळला आणि घेऊन गेले. त्यांच्यावर रागावू नकोस. जायच्या आधी त्यांनी माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून कुठं भाजलं का ते बघितलं.

एक सांगते. डबी यायच्या आधी मी कुकर लावला की ओट्यावर तळहात ठेवून उभी राहायचे. शिट्टी झाली की कडप्पा बारीक थरथरतो, तो हाताला कळतो. तो भात करपला त्या दिवशी दारात कुणी आलं आणि माझा हात निघाला, एवढंच. तुझा दिवा आला आणि मी हात ठेवायचंच सोडून दिलं. तेव्हा सगळं स्वतःकडे घेऊ नकोस.

दोन्ही वेळचं ताट दादांकडून येतं. तुझी काकू चवीनं करते. पण ताट पुढं आलं की मला माझे हात कुठं ठेवावेत ते कळत नाही. मास्तर सध्या फाट्यावरच्या हॉटेलात जेवतात, पण दुसरा डबा लावलेला नाही. तुमची वाट बघतो, असं त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं.

यावरून तू जेवण टाकलंस तर मात्र मी खरंच रागावेन.

आत्या


काळेवाडी,
५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
ज्योतीरामचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी कंपनीत पार्ट उलटे पॅक केले आणि सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या. त्या गोड लागल्या. तू दिल्या नाहीस, कुणीतरी द्यायला हव्या होत्या.

मग तो प्रोग्राम ओळ न् ओळ वाचायला बसलो. जी ओळ कळली नाही, ती एआयलाच विचारली, ही कशाला आहे? ते छान समजावतं गं, न चिडता, दहादा विचारलं तरी. असा मास्तर असता तर मी नववीत थांबलो नसतो. पण आपण जेवढं विचारू तेवढ्यावरच ते राबतं. मी म्हटलं, जोराच्या शिट्ट्या मोज. तुझ्या कुकरची रिंग सैल झाली असणार. वाफ बाजूनं जाते आणि शिट्टी बारीक निघते. त्या बारीक शिट्ट्या त्यानं सोडून दिल्या. आणि शिट्टी ऐकूच आली नाही तर काय करायचं, हे मी सांगितलंच नव्हतं. म्हणून ते गप्प बसून राहिलं आणि तू त्याच्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवलास.

ज्या माणसाला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी मी कान बनवत बसलो होतो. तुझा तळहात एकदाही माझ्या ध्यानात आला नाही. शेखरला सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, आमच्याकडेही चालतंय तोवर कुणी उघडून बघत नाही, राव.

सगळं पुसून टाकलं आणि नव्यानं लिहिलं. लहानच आहे, पण प्रत्येक ओळ का आहे ते मी झोपेतही सांगेन. अडलो तिथे एआयला विचारलं, का नाही विचारायचं? पण कळल्याशिवाय एकही ओळ आत घेतली नाही. ही नवी डबी कडप्प्याला चिकटवायची. हिला कान नाहीत. हिला थरथर कळते आणि शेगडीची ऊब कळते. ऊब बराच वेळ आहे आणि थरथर नाही, म्हणजे कुठंतरी बिघडलंय, तेव्हाही दिवा लागणार. शंका आली की गप्प बसायचं नाही, हाक मारायची, हा नियम मी सगळ्यात वर लिहिलाय.

सोबत पिंपरी कॅम्पातून घेतलेली नवी रिंग आहे. काकांना म्हण, एकदा समोर बसून बघा. जमलं नाही तर मी स्वतः येऊन डबी काढून नेईन आणि गॅसचा विषय पुन्हा काढणार नाही.

हात ओट्यावर असू दे, आणि तो अधूनमधून माझ्या डोक्यावरही.

तुझा
ज्योतीराम


हिवरे,
२४ ऑक्टोबर २०२५

चि. ज्योतीरामास,
आत्याचे अ. उ. आ. आणि दिवाळीचा फराळ वेगळा.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दादा आले. रेग्युलेटर रुमालातच होता. त्यांनी तो जोडला, वरणाचा कुकर स्वतःच चढवला, मला अंगणात तांदूळ निवडायला बसवलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात खुर्ची टाकली. स्वरूपालाही कुकर लावायला सांगितलं होतं. तिच्या तीन शिट्ट्या झाल्या, ते तिनं तिच्या अंगणातून बोटं करून दाखवलं. दिवा लागला नाही. दादांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून खडे वेचत राहिले, पण एक खडा दिसला असेल तर शपथ.

बराच वेळ गेला. आणि दिवा लागला. मी उठले तर दादांनी हातानं मला थांबवलं, अजून एकही शिट्टी झाली नाही, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकलं नाही. आत जाऊन गॅस बंद केला. कुकर निवल्यावर झाकण काढलं. पाणी आटत आलं होतं, अजून थोडं थांबले असते तर डाळ तळाला लागली असती. मग दादांनी खिशातून नवी रिंग काढून ओट्यावर ठेवली. माझ्या नकळत त्यांनी जुनीच घातली होती. बघ तुझा काका. चांगले कान असून त्यांना काही कळलं नव्हतं, आणि मला अंगणात बसून कळलं.

त्यांनी मोकळा रुमाल झटकला, घडी करून खिशात घातला आणि चहा टाक म्हणाले. गॅस माझा पेटला रे, माझ्या हातानं.

मास्तरांचे डबे सोमवारपासून सुरू. एक तक्रार आहे. ओट्यावर ठेचा कुटला तरी तुझी डबी दिवा लावते. राहू दे, तिला शंका येते बिचारीला.

दुसरं. माझा कुकर झाला की तुझ्या मोबाइलवर खबर येते, हे स्वरूपा बोलून गेली. मला न विचारता बसवलंस. राग नाही. पण मग तुझ्या कुकरची खबर मला का नको? रोज कुकर लावतो म्हणतोस. परवा स्वरूपानं केलेला तुझा फोन शेखरनं उचलला, त्यानं तिला सांगितलं, की खोलीतला कुकर गणपतीपासून पालथा आहे. तेव्हा एक तर माझी खबर काढून टाक, नाही तर मलाही दिवा पाठव.

वाट बघणारी
आत्या


काळेवाडी,
९ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास सा. न.

शेखरशी मी दोन दिवस बोललो नाही. मग त्यानंच कुकर घासून दिला.

दुसरी डबी पाठवली आहे. तिच्यावर हिरवा दिवा आहे. ती देवघराजवळ लाव. इथे माझ्या कुकरची शिट्टी झाली की तुझ्याकडे तो लागेल. विचारल्याशिवाय तुझी खबर घेतली ते चुकलं. पुढे काही बसवलं तर आधी पत्रानं विचारेन. आणि कंपनी अजून सोडलेली नाही. आधी नीट शिकतो, मग बघू.

डबी पोचेल त्या दिवसापासून रोज संध्याकाळी खिचडी लावणार आहे. कुकर लावला की तळहात ओट्यावर ठेवून उभा राहीन, तू राहतेस तसा. दिवा लागला तर समज, मी जेवायला बसलो, तूही बस. आणि एखाद्या दिवशी लागला नाही, तर तो जेवला असेल असं म्हणून गप्प बसू नकोस. शंका घे, आणि हाक मार.

तुझा
ज्योतीराम