खड्ड्याचं विरजण

३ नोव्हेंबर

चि. गुरुदास यास ताईचे आशीर्वाद.

आत्ताच खताच्या खड्ड्यातून ऊब बघायची सळई उपसली. गार आहे. तू कणकवलीहून पाठवलेली जिवाणूंची दुसरी बाटलीही फुकट गेली. गुळाच्या पाण्यात तीन दिवस ठेवली, चांगला फेस आला, मग देवळाचं निर्माल्य आणि बाजारातला पालापाचोळा यांच्या थरांवर शिंपडली. आठ दिवसांत खड्डा तापायला हवा होता. नुसता कुजतो आहे. शेजारची रसिका म्हणते, सत्यवती, तुझ्या खतापेक्षा माझी सुकी मासळी बरी.

हे काम मी पंचायतीत भांडून मागितलं होतं. जत्रेआधी वास थांबला नाही तर खड्डा बुजवणार आहेत. अजून एक बाटली पाठव.

बाबांनी काल पुन्हा मला आईच्या नावाने हाक मारली. जेवण बरं आहे. आमची आठवण असू दे.

— सत्यवती


७ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

बाटली एसटीच्या शिवाकडे दिली आहे, पत्र बाटलीच्याच पिशवीत. त्याला फेणी वाटली. बूच उघडून हुंगलं आणि घाईने परत लावलं.

दुकानदार म्हणतो माल ताजा आहे, पाण्यात जंतुनाशक पडतं का बघा. आपल्या विहिरीत हल्ली पावडर कोण टाकतं? बाबा आरोग्यसेवक होते तोवर दर आठवड्याला पडायची. त्यांना विचारू नकोस, तिन्ही वाड्यांच्या विहिरी मोजायला बसतील.

लोभ आहेच, तो राहू दे.

— गुरुदास


१९ नोव्हेंबर

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

पाणी चांगलं आहे. काल सकाळी चहा उकळत असताना बाबा मागच्या दाराने बाहेर पडले. हातात त्यांचा जुना डबा. खड्ड्याच्या कडेने चालत त्यांनी विहिरीची पावडर सगळीकडे सारखी पसरली. मग खिशातली वही काढून तारीख घातली, सही केली. वहीत दीड महिन्याच्या सह्या आहेत. पावडर पंचायतीचा शिपाई हरिश्चंद्र देतो. जुन्या साहेबांना नाही म्हणणं त्याला जमत नाही.

बाबा म्हणाले, अगो, वास येता म्हणजे जंतू आसत, गावात पटकी येतली. मी सांगितलं की या खड्ड्यात आपण जंतूच वाढवतो आहोत. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

डबा मी लपवला. ते दिवसभर उंबऱ्यावर बसून होते, जेवले नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते, माझो डबो खंय आसा. तिन्हीसांजेला मी तो परत दिला.

आज पंचायतीत जाऊन सांगून आले की मला खड्डा जमत नाही. बाबांचं नाव काढलं नाही. तिसरी बाटली न वापरता शिवाकडे परत देते आहे. तू ये असं लिहावं वाटतं, पण येऊन काय करशील ते मलाच कळत नाही.

तुझ्या घरच्यांना माझी माया सांग.

— ताई

ता. क. शिवाची गाडी काल चुकली म्हणून हे आज, २० तारखेला लिहिते. सकाळी पंचायतीच्या माणसांनी खड्डा मातीने बुजवला. बाबांनी वरून पावडर टाकली आणि सही केली.