पाटी अजून कोरी आहे

प्रिय फुटपट्टी,

या नावाने हाक मारणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नसेल, म्हणून मुद्दाम तीच मारते. गुडघे कसे आहेत? माझे कुरकुरतात, पण जिना चढू देतात. आता आधी खाली बस, मग पुढचं वाच. आपल्या महिला आरेखक मंडळाचं नाव बदललं.

रागावू नकोस, माझं रागावून झालंय. माझी भाची सध्या मंडळाची चिटणीस आहे. ती म्हणते, मावशी, 'आरेखक' वाचून मुलींना वाटतं इथे चित्रकलेचे वर्ग चालतात. कॉम्प्युटरवर अख्ख्या इमारती उभ्या करतात गं या मुली, नकाशा शाईने काढायचा असतो हे त्यांच्या गावीही नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणून मी नाक मुरडलं. पण गेल्या सभेला आम्ही चौघीच होतो आणि त्यातली एक डुलक्या काढत होती. शेवटी केला मीही हात वर.

हात वर होता, पण मन आपल्या ऑफिसातल्या नकाशे छापायच्या खोलीत होतं. यंत्रातल्या अमोनियाने डोळ्यांची आग व्हायची, साहेब लोक दारातूनच मागे फिरायचे, म्हणून तर ती खोली आपली झाली. मंडळही तिथेच जन्मलं. साहेबाची बोलणी खाल्ली, नाहीतर घरी कुणी घालूनपाडून बोललं, की आपल्यातली कुणीतरी नकाशांची गुंडाळी काखेत मारून तिथे रडायला जायची. बाहेर आल्यावर डोळे लाल का, असं कुणी विचारत नसे. आणि मंडळाची ती पाटी! फळी टेबलावर आडवी टाकून, जीभ दातांत धरून तू अक्षरं काढत होतीस. मी शेजारी रंगाची डबी धरून उभी. माझ्या हातात ब्रश द्यायची तुझी छाती नव्हती, कारण मी काढण्यापेक्षा खोडायचेच जास्त.

मग तुझ्या नवऱ्याची बदली झाली. निरोप घ्यायला तू मला त्याच खोलीत ओढून नेलंस. दोघींच्या डोळ्यांना धारा. तू हसून यंत्राकडे बोट दाखवलंस आणि निघून गेलीस. त्या धारा कशाच्या होत्या, हे मी अजून मनाला विचारते. तुझी पत्रं येतात, नातवंडांची, हवापाण्याची. माझी आठवण येते असं तू एकदाही लिहिलं नाहीस. मला तुझी येते. रोज येते.

आता या पत्राचं कारण. नवं नाव आहे 'पहिली रेघ'. मंडळातल्या मुली पाटी मशीनवर कापून घेणार होत्या. पण जुनी पाटी उतरवली तेव्हा त्यातली सगळ्यांत धाकटी तुझ्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. हाताने लिहिलंय म्हटल्यावर तिने बाकीच्या मुलींना हाका मारून बोलावलं. एकमताने ठरलंय, नवी पाटीही तुझ्याच हातची. हात थरथरत असेल तर थरथरू दे म्हणाल्या. फळी रंगवून माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवलीय, मी ताट मांडीवर घेऊन जेवते. ये गं. डबी मी धरीन, चुकलंच तर पुसायलाही मी आहेच. फक्त एक आधीच सांगते, माझ्या घरात अमोनिया नाही. डोळ्यांत पाणी आलं, तर या वेळी कारण सांगावं लागेल.

तुझीच,
खोडरबर